साप अंगावर धावून येतो का? रानवाटेवरच्या विषारी सापांबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पावसाळा सरता सरता, गवत कमरेएवढं वाढलेलं असताना तुम्ही पाच जण भोरकडच्या एका किल्ल्याच्या वाटेवर होता. वाटेच्या कडेला जाडजूड, ठिपक्यांचा साप दिसला. तो जोरात फुत्कारायला लागला. कुणीतरी दगड मारला, तर पळून जायच्या ऐवजी तो तुमच्याच दिशेने आला. आता तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. विषारी साप किती आक्रमक असतात, त्यातला कोणता पाठलाग करतो, आणि पुढच्या ट्रेकला पिशवीत सापाच्या विषावरचं इंजेक्शन ठेवावं का.

वर्णनावरून ती घोणस असावी. फोटो नसताना छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण अजगराचं पिल्लू आणि डुरक्या घोणस या दोन बिनविषारी सापांना लोक सर्रास घोणस समजतात. याच्या उलट होतं ते जास्त वाईट. घोणशीला अजगराचं पिल्लू समजून उचलायला जातात आणि हातावर दंश घेतात. घोणशीच्या पाठीवर गडद कडा असलेल्या लांबट गोल ठिपक्यांच्या तीन सरळ रांगा असतात, डोकं त्रिकोणी आणि मान एकदम बारीक असते. अजगराच्या अंगावर वेडेवाकडे मोठे डाग असतात आणि कातडी गुळगुळीत, चकचकीत दिसते. डुरक्या आखूड, ठेंगणा असतो आणि त्याची शेपूट बोटभर येऊन संपते. हे फरक घरी फोटो बघून पाठ करा, वाटेवर जवळ जाऊन तपासू नका. जाड, ठिपक्यांचा आणि फुत्कारणारा साप दिसला की घोणस आहे असं धरून वागायचं. ती डुरक्या निघाली तरी तुमचं काही बिघडत नाही.

आता मूळ मुद्दा. ‘साप किती आक्रमक आहे’ यावरून धोका कळत नाही. साप चावेल की नाही हे बहुतेक वेळा तीन गोष्टींवर ठरतं: तुमच्या आणि त्याच्यामध्ये अंतर किती होतं, त्याला निघून जायला वाट होती का, आणि तुम्हाला तो आधी दिसला का. आपल्याकडे माणसं सर्वांत जास्त ज्या दंशांमुळे मरतात, त्यातल्या फार थोड्या वेळी साप ‘अंगावर आलेला’ असतो. सगळ्यात लाजाळू म्हणावा असा साप मण्यार. दिवसा ती सापडली तर वेटोळ्यात डोकं खुपसून बसते. पण रात्री अंथरुणात झोपलेल्या माणसाला चावून मारणारी तीच. आणि कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढणारी घोणस, जिला तुम्ही घाबरलात, ती तुम्हाला आपली जागा सांगत होती. जी घोणस गवतात गप्प बसलेली असते आणि जिच्यावर पाय पडतो, खरी भीती तिची.

सापाच्या बाजूने विचार केला तर हे सोपं होतं. विष हे त्याचं भक्ष्य मारायचं साधन. उंदीर, बेडूक, सरडा, पाली यांच्यासाठी ते असतं. माणूस त्याला गिळता येत नाही, त्यामुळे माणसावर विष वाया घालवण्यात त्याचा काही फायदा नाही. शिवाय माणसाशी झटापट झाली तर जीव जायची शक्यता त्याचीच जास्त. म्हणून बहुतेक सापांचं वागणं पायऱ्यापायऱ्यांनी जातं. आधी हलायचं नाही, रंगात मिसळून राहायचं. मग जमलं तर सरकून निघून जायचं. ते जमलं नाही तर धमकी द्यायची: फणा, फुत्कार, अंग घासून आवाज. त्यानंतर खोटा वार, म्हणजे तोंड बंद ठेवून किंवा मुद्दाम आखूड मारलेली झेप. चावा सगळ्यात शेवटी.

या पायऱ्या कधी मोडतात हे समजलं की निम्मं काम झालं. पाय थेट अंगावर पडला की मधल्या सगळ्या पायऱ्या एका क्षणात संपतात. बिळाच्या तोंडाशी, दगडाच्या कपारीत, भिंतीच्या कोपऱ्यात त्याची वाट अडवली की तो सरळ धमकीवर येतो. अंग गार असेल तरी तसंच. साप बाहेरच्या उबेवर चालतो. हिवाळ्यातल्या सकाळी त्याला चपळाईने पळता येत नाही, मग तो जागीच ठाण मांडून फुत्कारत राहतो. लोक म्हणतात ‘किती माजलाय, हटत नाही’. खरं तर त्याला हटताच येत नसतं. आणि चौथी गोष्ट तुम्हीच केलीत: दगड मारला.

दगड मारल्यावर तो तुमच्याकडे का आला? मी तिथे नव्हतो, त्यामुळे जागेची रचना मला माहीत नाही. पण डोंगरातल्या पायवाटेवर असं झालं की कारण सहसा दोनांपैकी एक निघतं. एक, सापाची लपायची जागा, म्हणजे बीळ, दगडांचा ढीग, करवंदीची जाळी, तुमच्या पाठीमागे असते आणि तुम्ही नेमके मध्ये उभे असता. दोन, वाट अरुंद असते, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी किंवा दाट झुडूप, आणि मोकळी जागा फक्त वाटेवरच, तुमच्या बाजूला. घाबरलेला साप मोकळ्या जागेकडे किंवा उतारावर सरकतो. तिथे पाय दिसले तर तो पुन्हा थांबून फुत्कारतो, आणि हे सगळं आपल्याला पाठलाग वाटतं. आपल्याकडे कोणताही साप माणसाचा पाठलाग करून चावत नाही. डूख धरून शोधत येणं तर दूरच. आणि साप जोरात सरपटला तरी धावणाऱ्या माणसाइतका वेग त्याला जमत नाही. वेग असतो तो झेपेत. घोणशीसारख्या सापाची झेप सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात पुरी होते. म्हणजे झेपेच्या टप्प्यात असाल तर पाय मागे घ्यायला वेळच नाही, आणि टप्प्याबाहेर असाल तर पळायची गरज नाही.

तो टप्पा किती? साधारणपणे सापाच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. आपल्याकडची मोठी घोणस मीटर-सव्वा मीटरची असते, क्वचित दीड मीटरच्या आसपास जाते. तेव्हा तिची झेप दोन-अडीच फुटांत संपते. पण गवतात तिचं शेपूट दिसतंय की मान हे कळत नाही, उतारावर अंदाज चुकतो, म्हणून मी सगळ्यांना एकच माप सांगतो: दहा फूट, म्हणजे आपली चार मोठी पावलं. एवढं अंतर राखलं तर सह्याद्रीतला कोणताही साप उभ्या जागेवरून तुम्हाला चावू शकत नाही.

आता एकेका सापाचा स्वभाव. कारण सगळ्यांना एकच नियम लावला की फसगत होते.

घोणस रंगावर विश्वास ठेवणारी आहे. पाचोळ्यात, वाळल्या गवतात ती दोन फुटांवरून दिसत नाही. तुम्ही शेजारून गेलात तरी बहुतेक वेळा ती हलत नाही. त्यामुळे तिच्या किती जवळून आपण गेलो हे आपल्याला कळतही नाही. हिवाळ्यात, नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास तिचा मिलनाचा काळ असतो. तेव्हा नर दिवसाही फिरतात आणि उन्हात पडलेल्या घोणशी वाटांवर जास्त दिसतात. ट्रेकिंगचा हंगामही नेमका हाच. ती अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळ्यापर्यंत वीस-तीस, कधी त्याहून जास्त पिल्लं होतात, आणि वीतभर लांबीचं पिल्लूही विष घेऊनच जन्मतं. तिला छेडलं तर ती अंग फुगवून, इंग्रजी एस आकारात मान मागे घेऊन, लांबलचक फुत्कार काढते. मान अशी मागे घेतली की झेपेची तयारी झाली असं समजा. तिथून एक पाऊलही पुढे नाही.

नागाचं वागणं माणसाला वाचायला सोपं. तो अंगाचा पुढचा भाग उचलतो, फणा काढतो, आणि तुम्ही हलाल तसा वळतो. फणा म्हणजे ‘माझ्यापासून लांब राहा’ एवढंच. हल्ल्याची वेळ आली तरी पहिले एक-दोन वार पुष्कळदा तोंड बंद ठेवून मारलेले असतात. नागाचा वार घोणशीपेक्षा सावकाश, उभ्या अंगाने पुढे-खाली पडतो. तरीही नागाला भक्तिभावाने किंवा व्हिडिओसाठी जवळून न्याहाळणारे लोक चावून घेतात, कारण तो डोलतोय असं त्यांना वाटतं. तो डोलत नाही, तुमच्या हालचालीवर नजर ठेवून असतो. गडावर नाग कमी भेटतो, पायथ्याच्या वाडीत, भातखाचराच्या बांधावर, गोठ्याजवळ जास्त. उंदीर आणि बेडूक जिथे, तिथे तो.

फुरसे मात्र वेगळं प्रकरण आहे. ‘आक्रमक’ हा शब्द कुणाला द्यायचाच असेल तर मी फुरशाला देईन, तोही अर्ध्या मनाने. लहानसा साप, बोटाएवढा जाड, बहुतेक वेळा फूट-सव्वा फूट लांब. रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यांवर, दगडांच्या गडग्यात, आणि देशावरच्या खडकाळ माळावरही तो भरपूर असतो. त्रास झाला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतो, कारण बाजूचे खवले करवतीच्या दात्यांसारखे असतात. धमकी आणि वार यांमधलं अंतर त्याच्यात फार थोडं. लहान असल्याने तो दिसत नाही, आणि सड्यावर चप्पल घालून फिरणाऱ्याचा पाय किंवा दगड उचलणाऱ्याची बोटं त्याला सोयीची पडतात. ‘छोटा साप, छोटं विष’ असं समजून फुरसे चावल्यावर घरी बसणारे लोक दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला लागल्यावर दवाखान्यात येतात. रक्त न गोठण्याचा हा त्रास कित्येक दिवस टिकू शकतो.

मण्यारीबद्दल वर लिहिलं. ट्रेकरसाठी तिचा अर्थ एवढाच: गडावरच्या देवळात, गुहेत, वाडीतल्या ओसरीवर सतरंजी टाकून उघड्यावर झोपू नका. ती रात्री दुसरे साप, पाली, उंदीर शोधत फिरते, आणि झोपेत कूस बदलताना तिच्यावर हात पडतो. दंश दुखत नाही, खूण डासाच्या चाव्याएवढी किंवा तीही नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, घसा दुखतो, मग पापण्या मिटायला लागतात. याला जेवण बाधलं असं समजून झोपू दिलं जातं आणि श्वास बंद पडतो. खालचं कापड तंबूलाच शिवलेला, सगळ्या चेन लावलेला तंबू किंवा कडा अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्याने हा धोका जवळपास संपतो. मीठ, फिनेल, कार्बोलिक ॲसिड, लसूण यांची रेघ ओढून काही होत नाही. त्या रेघेवर विसंबून लोक तंबूची चेन उघडी ठेवतात, तोटा तिथे होतो.

चापडा, म्हणजे बांबूचा हिरवा घोणसवर्गीय साप, घाटावरच्या ओढ्याकाठी आणि दाट झाडीत फांदीवर बसून असतो, बऱ्याचदा कमरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर. तो तासन्‌तास हलत नाही. तुम्ही कारवीचा दांडा धरून चढता ना, तिथे तुमचा हात पडण्याआधी नजर पडली पाहिजे. आंबोली, तिळारी आणि गोव्याकडे मलबार चापडाही असतो, आणि त्याचे रंग इतके वेगवेगळे, हिरवा, तपकिरी, पिवळसर, की ‘हिरवा नाही म्हणजे चापडा नाही’ असं म्हणता येत नाही. चापड्याच्या दंशाने सहसा जीव जात नाही, पण दुखणं आणि सूज जबर असते, आणि आपल्याकडचं प्रतिविष त्याच्या विषावर बनवलेलं नाही. त्याच पट्ट्यात नागराजही आहे. तो पुण्याच्या डोंगरांत नाही, त्यामुळे तुमच्या वाटेवर ‘किंग कोब्रा दिसला’ असं कुणी सांगितलं तर ती बहुधा मोठी धामण असणार.

आता साप दिसल्यावर नेमकं काय करायचं. पहिली गोष्ट, थांबा. जो जिथे आहे तिथेच. पुढचा माणूस ‘साप!’ म्हणून ओरडला की मागचे पुढे बघायला येतात आणि पुढचा मागे ढकलला जातो, गोंधळ तिथे होतो. ‘थांबा’ हा शब्द आधी ठरवून ठेवा. दुसरं, साप पूर्ण नजरेत घ्या, डोकं कुठे आहे ते शोधा. तिसरं, त्याच्याकडे तोंड ठेवून, पाय नीट टेकत दहा फूट मागे या. पाठ फिरवून पळू नका. त्याचं कारण साप पाठलाग करेल हे नाही, तर डोंगरात पळताना पाय मुरगळतो, दरीत जातो, आणि कधी दुसऱ्या सापावरही पडतो. मग त्याला वाट द्या. पाच-दहा मिनिटं गप्प थांबलात तर बहुतेक साप निघून जातात. घोणस नाही गेली तर तुम्ही वळसा घाला, वरच्या मोकळ्या, स्वच्छ जागेवरून, उंच गवतातून नाही. काठीने ढकलणं, शेपूट धरून बाजूला करणं, सेल्फी, दगड, यातलं काहीही नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सापाला मारणं, पकडणं गुन्हा आहे हे तर आहेच. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की ज्या सापाला मारायला जातात तोच चावतो. मेलेल्या सापालाही हात लावू नका. तोडलेलं डोकंसुद्धा काही काळ चावू शकतं.

साप दिसला नाही तर काय, हा खरा प्रश्न, कारण दंश तिथेच होतात. घोट्याच्या वर येणारे बूट आणि ढगळ, जाड पँट यांनी पायाच्या दंशातला मोठा भाग टळतो. सँडलवर गवतात उतरू नका. पुढच्या माणसाच्या हातात लांब काठी हवी. गवत दिसत नसेल तिथे काठी आधी, पाऊल नंतर. सापाला बाहेरून दिसणारे कान नसले तरी जमिनीची थरथर त्याला चांगली कळते. जड पावलं टाकत गेलात तर नाग, धामण तुम्ही पोचायच्या आत सरकलेले असतात. घोणशीवर मात्र याचा भरवसा ठेवू नका, ती बसूनच राहते. तिच्यासाठी नजर आणि बूट. वाटेत आडवं लाकूड किंवा मोठा दगड आला तर थेट पलीकडे उडी मारू नका. आधी त्यावर चढा, पलीकडे बघा, मग उतरा. लाकडाच्या पलीकडच्या सावलीत सापाला बसायला आवडतं.

हाताचे दंश मुक्कामावर होतात. चुलीसाठी लाकडं गोळा करताना आधी पायाने किंवा काठीने हलवा, मग उचला. चुलीचा दगड उचलायचाच असेल तर पलीकडची कड धरून स्वतःकडे वळवा. म्हणजे फट उघडते ती तुमच्या विरुद्ध बाजूला, आणि खाली फुरसे असलं तर तुमचे पाय आणि त्याच्यामध्ये दगड राहतो. लोक नेमकं उलटं करतात: जवळची कड उचलतात, आणि बोटं फटीत घालतात. तटबंदीच्या दगडांच्या खाचांत न बघता हात घालू नका. रात्री शौचाला जाताना डोक्याला टॉर्च आणि पायात बूट, चप्पल नाही. बूट रात्री तंबूत ठेवा, सकाळी उलटे करून झटका. विंचवासाठीही तेच उपयोगी पडतं.

हे सगळं करूनही एक गोष्ट लक्षात ठेवा: ट्रेकरला साप चावणं दुर्मिळ आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, आणि त्यातले निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मरणारे बहुतांश खेड्यातले, शेतात राबणारे, भात लावणारे, गवत कापणारे, जमिनीवर झोपणारे लोक. त्यांचे हातपाय रोज न दिसणाऱ्या जागी जातात आणि त्यांच्यापासून दवाखाना लांब असतो. साप त्यांच्याशी जास्त आक्रमक वागत नाही. म्हणून तुमच्या ट्रेकला मुक्कामाला जागा देणाऱ्या वाडीतल्या माणसांना गमबूट, टॉर्च, मच्छरदाणी यांबद्दल दोन शब्द सांगितलेत तर ते तुमच्या सावधगिरीपेक्षा जास्त जीव वाचवतील.

दंश झालाच तर. सापापासून दूर व्हा. साप शोधू नका, मारू नका. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. लांबून सहज फोटो मिळाला तर ठीक. जखमीला बसवा किंवा आडवं करा. अंगठी, कडं, घड्याळ, पैंजण, बूट सूज यायच्या आत काढा. हात किंवा पाय फ्रॅक्चरला बांधतो तसा काठीला सैलसर बांधून हलणार नाही असा ठेवा. पट्टीखालून एक बोट सहज गेलं पाहिजे. करकचून दोरी बांधायची नाही. घोणस आणि फुरशाच्या विषाने तिथलं मांस सडतं, आवळून बांधलं तर ते जास्त सडतं, आणि दोरी एकदम सोडली की साचलेलं विष एकदम अंगात जातं. चिरा नाही, चोखणं नाही, बर्फ नाही, झाडपाला नाही, दारू नाही. दुखण्यावर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो. दंशाची वेळ पेनाने हातावर लिहा आणि सूज कुठपर्यंत आली तिथे रेघ मारून शेजारी वेळ लिहा. डॉक्टरला याचा फार उपयोग होतो.

मग उतरवणं. चालवायचं नाही, उचलून न्यायचं. चादर आणि दोन काठ्यांचा स्ट्रेचर, किंवा पाठुंगळीवर आळीपाळीने. एखादा आधीच पुढे पळवा, त्याने रेंज मिळाली की १०८ला फोन करून गाडी पायथ्याला बोलवायची. मोटरसायकलवर न्यायची वेळ आली तर जखमी मध्ये, मागे एक धरून बसणारा. उलट्या होत असतील किंवा झापड येत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. रस्त्यात लागणारं पहिलं, प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. मोठ्या शहराचा हट्ट धरून तास घालवू नका. पहिला डोस तिथे, मग गरज पडली तर पुढे. आणि ‘काही होत नाहीये’ म्हणून परत फिरू नका. काही दंशांत साप विष सोडतच नाही हे खरं, पण ते बाहेरून बघून ठरवता येत नाही. काहीही लक्षण नसलं तरी २४ तास देखरेखीखाली राहायचं. घोणस आणि फुरशासाठी तिथे एक साधी चाचणी करतात: दोन मिलिलिटर रक्त काचेच्या नव्या, कोरड्या नळीत घालून २० मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी तिरपी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलंय.

शेवटचा प्रश्न, पिशवीत प्रतिविष. नाही. ते शिरेतून द्यावं लागतं, सुरुवातच आठ ते दहा बाटल्यांनी होते, एकेक बाटली दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवावी लागते, आणि ते घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं असल्याने काही रुग्णांना त्याचीच जीवघेणी ॲलर्जी येते. तेव्हा ॲड्रिनलिन तयार हवं, ऑक्सिजन हवा, आणि हाताळणारा डॉक्टर हवा. डोंगरात एखादी बाटली टोचून वेळ जातो, फायदा शून्य. शिवाय लक्षणं नसताना ते देतच नाहीत.

त्याऐवजी पिशवीत हे ठेवा: चार इंची क्रेप बँडेज दोन, छोटी कात्री, पेन, डोक्याला बांधायची टॉर्च आणि जादा सेल, एक जाड चादर. आणि निघायच्या आदल्या दिवशी पायथ्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून तीन गोष्टी विचारा: सर्पदंशाचं इंजेक्शन आज साठ्यात आहे का, रात्री डॉक्टर असतात का, आणि श्वास बंद पडला तर व्हेंटिलेटर असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय कोणतं. उत्तरं आणि नंबर कागदावर लिहून पाचही जणांच्या खिशात ठेवा, कारण फोनची बॅटरी गडावर सगळ्यात आधी संपते.